गढूळ पाण्याची साक्ष : महापूर, समुद्रतळाचा गाळ आणि आपलं अनुमान

 

तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसानं समुद्राच्या तळाशी साठलेल्या चिखलावर व्याख्यान द्यावं हे तुम्हांला जरा विचित्र वाटलं असेल. घरीही तसंच वाटलं. मी भूवैज्ञानिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. गाळाचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन त्याचं वय काढणं मला येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांची मोजमापं तपासण्याचा अधिकारही माझा नाही. पण मोजमाप झाल्यावर शास्त्रज्ञ एक वाक्य लिहितो: ‘हा थर असा दिसतो, त्याअर्थी तेव्हा महापूर आला होता.’ या वाक्यातला जो ‘त्याअर्थी’ आहे ना, तो तपासणं हा आमचा धंदा आहे. आज मी तेवढंच करणार आहे.

सुरुवात घरापासून करतो. १२ जुलै १९६१. मी अकरा वर्षांचा होतो. आमचा वाडा नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आम्ही पर्वतीच्या बाजूला आत्याकडे पळालो होतो, त्यामुळे पाणी चढताना मी पाहिलं नाही. मी पाहिला तो चिखल. दोन दिवसांनी परत आलो तर माजघरात घोट्याच्या वर गाळ. पितळेची भांडी, पाटी, वह्या, सगळं त्यात रुतलेलं. पुढे तो वाळू लागला तेव्हा त्याला भेगा पडल्या आणि त्याच्या खपल्या वर उचलल्या गेल्या. एक खपली मी हातात घेऊन पाहिली. खालची बाजू खरखरीत, वाळूची. वरची बाजू इतकी मऊ की बोट फिरवलं तर साबणासारखी लागे. जाड कण आधी बसले, बारीक कण नंतर बसले. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, पण खपलीनं सांगितलं. गाळ बोलतो, यावर तेव्हापासून माझा विश्वास आहे.

पण त्याच आठवड्यात ओट्यावर मोठी माणसं भांडत होती. एक म्हणे, ‘पाऊसच असा झाला, माणूस काय करणार?’ दुसरा म्हणे, ‘पाऊस दरवर्षी होतो, धरण फुटलं ते सांगा.’ ही दोन उत्तरं सारखी नाहीत. एकात दोष आभाळाचा आहे, दुसऱ्यात माणसांचा. आणि माझ्या हातातली ती खपली या भांडणात काहीही बोलत नव्हती. पूर आला एवढंच ती सांगत होती. का आला, हे नाही.

आजचा सगळा विषय या दोन वाक्यांमधल्या अंतराचा आहे.

आता आपल्या परंपरेकडे जरा वळू. न्यायसूत्रांत गौतमानं अनुमानाचे तीन प्रकार सांगितले: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. शेषवत् म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणं. त्यावर वात्स्यायनानं भाष्यात जे उदाहरण दिलं ते नदीचंच आहे. नदी दुथडी भरून, वेगानं वाहताना दिसली, तर वरच्या अंगाला पाऊस झाला असं आपण जाणतो. दीड हजारांहून अधिक वर्षं आपल्याकडचे विद्यार्थी हे उदाहरण घोकत आले आहेत. मीही शिकवलं आणि फळ्यावर नदी काढली.

पण दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्ष उभा राहतो आणि म्हणतो: हे अनुमान प्रमाण नाही, कारण त्यात व्यभिचार आहे. व्यभिचार म्हणजे इथे हेतू आहे पण साध्य नाही अशी परिस्थिती. आणि तो जे पहिलं कारण देतो ते ‘रोध’. रोध म्हणजे अडथळा, बांध. पाऊस न होताही, कुठंतरी पाणी अडल्यामुळे नदी चढू शकते. सूत्रकाराच्या डोळ्यांसमोर पाणी अडणं होतं. अडलेलं पाणी सुटणं ही त्याचीच दुसरी बाजू. म्हणजे बघा, पानशेतचा प्रश्न न्यायसूत्रांत आधीच विचारून ठेवलेला आहे!

वात्स्यायनाचं उत्तरही मोठं मार्मिक आहे. तो म्हणतो, नुसतं पाणी वाढलं एवढ्यावरून कुणी शहाणा माणूस पावसाचं अनुमान करत नाही. पाण्याचा रंग बदललेला, वेग वाढलेला, फेस, फळं, पानं, लाकडं वाहत आलेली, असं सगळं एकत्र पाहून तो अनुमान करतो. चूक अनुमानाची नाही, अर्धवट पाहणाऱ्याची आहे. हे उत्तर लक्षात ठेवा. समुद्रतळावर आपल्याला ते पुन्हा भेटणार आहे, आणि तिथे ते पुरेसं पडतं का हे पाहायचं आहे.

आता समुद्रात उतरू.

नदीचा गाळ खोल समुद्रात जातो कसा? आपल्याला वाटतं, नदी समुद्राला मिळते, गाळ आत जातो, झालं. तसं होत नाही. नदीचं पाणी गोडं आणि हलकं. एका घनमीटरला साधारण १००० किलो. समुद्राचं पाणी खारं आणि जड. साधारण १०२५ किलो. त्यामुळे पुराचं गढूळ पाणीसुद्धा समुद्राच्या पाण्यावर तरंगत पसरतं. पावसाळ्यात उपग्रहातून काढलेल्या चित्रांत कृष्णा-गोदावरीच्या मुखांपाशी तपकिरी पदर दिसतो, तो हाच. शिवाय खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. तुरटी फिरवल्यावर हंड्यात होतं तसंच. हे पुंजके लवकर खाली बसतात. म्हणजे बराचसा गाळ मुखाजवळ, समुद्रबूड जमिनीवरच राहतो.

नदीचं पाणी समुद्राच्या पाण्याखाली बुडायचं असेल तर ते त्याहून जड व्हायला हवं. त्यासाठी घनमीटरमागे साधारण ४० किलो गाळ लागतो. पंधरा लिटरच्या बादलीत सहाशे ग्रॅम माती कालवा, म्हणजे कल्पना येईल. १९९५ साली मुल्डर आणि सिव्हित्स्की यांनी जगभरच्या नद्यांचा हिशेब मांडला. त्यातून असं दिसलं की डोंगरातून थेट समुद्रात उतरणाऱ्या लहान, गाळानं भरलेल्या नद्यांना हे पूरकाळात जमतं. मोठ्या नद्यांना बहुधा जमत नाही, कारण त्यांचा गाळ वाटेतल्या मैदानांत विरळ होऊन जातो. पुढे प्रयोगशाळेत असंही दिसलं की वर तरंगणाऱ्या गढूळ थरातून गाळ खाली झिरपत राहिला, तर याहून पुष्कळ कमी गाळातही तळालगत प्रवाह सुरू होऊ शकतो. म्हणजे ४० हा आकडा काही लक्ष्मणरेषा नाही.

तळालगत वाहणाऱ्या गढूळ प्रवाहाची कल्पना मात्र याच्याही आधीची आहे. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ग्रँड बँक्स भागात समुद्राखाली भूकंप झाला आणि त्यानंतरच्या काही तासांत टेलिग्राफच्या तारा एकामागून एक, उताराच्या क्रमानं तुटत गेल्या. १९५२ साली हेझेन आणि यूइंग यांनी त्याचा अर्थ लावला: उतारावरचा गाळ घसरला आणि गढूळ पाण्याचा लोंढा होऊन शेकडो किलोमीटर धावला. त्याच्या दोनच वर्षं आधी क्यूनेन आणि मिग्लिओरिनी यांनी म्हटलं होतं की खाली जाड आणि वर बारीक कण असलेले थर अशाच लोंढ्यांतून तयार होतात. माझी माजघरातली खपली, पण समुद्रतळावरची. १९६२ साली बाउमा यांनी या थरांचा ठरावीक क्रम लिहून काढला. अशा थराला टर्बिडाइट म्हणतात.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या, ती काळाची आहे. खोल समुद्रात एरवी काही सेंटिमीटर गाळ बसायला हजार वर्षं लागतात. हा लोंढ्याचा थर काही तासांत किंवा दिवसांत बसतो. म्हणजे समुद्रतळाच्या नमुन्यात एक वीत जाडीचा थर एका दुपारचा असू शकतो आणि त्याच्यावरचा नखाएवढा थर शंभर वर्षांचा. जाडीवरून काळ मोजायला गेलं की फसगत ठरलेली.

आता वादाकडे येतो. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक आकर्षक कल्पना पुढे आली. मुल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ती सविस्तर मांडली. पूर चढतो आणि मग उतरतो. चढताना प्रवाहाचा जोर वाढत जातो, तेव्हा आधी बारीक आणि मग जाड कण बसतील. उतरताना उलट. म्हणजे पुराचा थर खालून वर बारीक, जाड, पुन्हा बारीक असा असेल. भूकंपानं दरड कोसळून झालेल्या थरात जोर एकदम येतो आणि ओसरतो. तिथे फक्त जाडाकडून बारीककडे. असं असेल तर केवढी सोय झाली! समुद्रतळाचा नमुना काढायचा, थर पाहायचा आणि सांगायचं, हा पुराचा, हा भूकंपाचा. पुराच्या थराला नाव मिळालं हायपरपिक्नाइट. पुढच्या वर्षांत जगभर हे थर सापडू लागले. नाव मिळालं की वस्तू सापडायला लागतात, हा अनुभव आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना नवा नाही.

२०१८ साली जी. शन्मुगम यांनी यावर कडक टीका केली. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले हे गृहस्थ पुढे अमेरिकेत गेले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्राखालच्या वाळूच्या थरांवरही त्यांचं काम आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बारीक-जाड-बारीक हा क्रम अनेक कारणांनी होऊ शकतो, आजच्या नद्यांच्या मुखांपाशी जे दिसतं त्यात कितीतरी प्रकार आहेत, आणि पुराचं पाणी समुद्रबूड जमीन ओलांडून खोल समुद्रात वाळू नेतं, याला थेट निरीक्षणाचा आधार नाही. अर्जेंटिनाचे कार्लोस झावाला यांनी त्याला उत्तर दिलं. त्यांनी खडकांचे उघडे पडलेले थर वर्षानुवर्षं पाहिले आहेत. त्यांचा भर दुसऱ्याच खुणेवर आहे. असा प्रवाह वाहत असताना जड गाळ खाली टाकतो. मग आतलं गोडं पाणी हलकं होऊन वर उचललं जातं, आणि त्याच्याबरोबर उचललेला पाचोळा, वनस्पतींचे तुकडे, अभ्रकाच्या पापुद्र्या सावकाश खाली बसतात. पानं आणि लाकडं! वात्स्यायन आठवला ना? मला वाचताना अक्षरशः हसू आलं.

या वादात कोण बरोबर? माझं मत सांगतो. शन्मुगम यांचा आक्षेप तर्काच्या दृष्टीनं योग्य आहे. ‘पूर असेल तर असा थर बनेल’ हे मान्य केलं तरी ‘असा थर आहे म्हणून पूर होता’ हे निघत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही हा दोष शिकवतो. मिल ज्याला कारणबहुत्व म्हणे तेच हे: एका कार्याला अनेक कारणं. पण शन्मुगम जेव्हा ‘थेट पाहिलेलं नाही’ यावरून ‘बहुधा नाहीच’ याकडे सरकतात, तेव्हा मी थांबतो. न दिसणं आणि नसणं यांत फरक आहे. नसण्याचं ज्ञान व्हायचं तर ‘असतं तर दिसलं असतं’ अशी खात्री हवी. अनुपलब्धीवर आपल्याकडे जी चर्चा झाली ती हीच. हजारो मीटर खोल, अंधारात, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या प्रवाहाबद्दल ‘असतं तर दिसलं असतं’ असं कोण म्हणेल?

झावालांची खूण मात्र मला अपुरी वाटते. लाकूड आणि पाचोळा एवढंच सांगतात की गाळ जमिनीवरून आला. तो पुरातून थेट आला, की आधी मुखाजवळ साठून मग कधीतरी घसरला, हे त्यावरून कसं ठरणार? २०१५ साली आंतरराष्ट्रीय मोहिमेत बंगालच्या उपसागरात आठ अंश उत्तर अक्षांशाजवळ सात ठिकाणी समुद्रतळ खोदला गेला. त्या नमुन्यांत गेल्या १ कोटी ९० लाख वर्षांच्या गाळामध्ये लाकडाचे अवशेष सापडले, असं २०१९ साली प्रसिद्ध झालं. लाकूड हजारो किलोमीटर गेलं, हे खरं. पण त्याच उपसागराच्या उत्तरेला, गंगेच्या मुखासमोरच्या घळीत, गाळ आत ढकलण्याचं काम चक्रीवादळं आणि भरती-ओहोटीही करतात असं १९९८ साली दाखवलं गेलं आहे. लाकडाला काय ठाऊक त्याला कुणी ढकललं?

मग प्रत्यक्ष घटना काय सांगतात ते पाहू. दोनच उदाहरणं घेतो.

ऑगस्ट २००९. तैवानमध्ये मोराकोट नावाचं वादळ आलं, प्रचंड पाऊस झाला आणि गाओपिंग नदीला महापूर आला. नदीच्या मुखापुढच्या सागरी घळीत केबली तुटल्या. पहिला लोंढा पुराच्या ऐन भरात आला. नदीचं पाणी खरोखरच बुडालं असावं. पण दुसरा, अधिक दूर गेलेला लोंढा काही दिवसांनी आला, पूर ओसरत असताना. घळीच्या वरच्या टोकाला साठलेला ताजा गाळ मागाहून घसरला होता. एकाच पुराचे दोन लोंढे, दोन वेगळ्या रीतींचे.

दुसरं उदाहरण काँगो नदीचं. २०१९ च्या डिसेंबरअखेर तिला अनेक दशकांतला मोठा पूर आला. समुद्राखालचा लोंढा मात्र सुरू झाला १४ जानेवारी २०२० ला, म्हणजे काही आठवड्यांनी, उधाणाच्या भरतीच्या सुमाराला. तो १,१०० किलोमीटरहून जास्त धावला आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या इंटरनेट केबली तोडून गेला. काँगो ही मोठी नदी. तिचं पाणी जड होऊन बुडत नाही. तरी लोंढा आला.

या दोन उदाहरणांनी वादाचं स्वरूपच बदलतं असं मला वाटतं. ‘पूर की पूर नव्हे’ हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. आपल्याकडे कारणांचा विचार करताना उपादान आणि निमित्त असा भेद करतात. मडक्याची माती हे उपादान, कुंभार हे निमित्त. काँगोत पुरानं माती पुरवली. निमित्त बहुधा ओहोटीचं झालं. तैवानात पहिल्या लोंढ्यात पूर दोन्ही होता, दुसऱ्यात फक्त पुरवठादार. ग्रँड बँक्सला निमित्त भूकंपाचं होतं. समुद्रतळावरचा थर उपादानाबद्दल पुष्कळ सांगतो, निमित्ताबद्दल फार थोडं. शास्त्रज्ञ जेव्हा थर पाहून ‘महापूर’ असं लिहितो, तेव्हा कारणांतला कोणता भाग त्याला अभिप्रेत आहे, हे त्यानं सांगायला हवं. ते तो क्वचित सांगतो. माझा मुख्य आक्षेप हाच.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, तिला न्यायवाले उपाधी म्हणतील. धूर आणि अग्नी यांच्यामध्ये ओल्या इंधनाची अट जशी लपलेली असते, तशी इथे समुद्राच्या पातळीची अट लपलेली आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. नद्या समुद्रबूड जमीन ओलांडून थेट खंडान्त उताराच्या कडेला पोहोचत होत्या. तेव्हा साधा पूरही गाळ खोलात टाकू शके. आज मुंबईसमोर ही समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. सावित्री, वाशिष्ठी यांना कितीही पूर आला तरी त्यांचा गाळ खाड्यांत आणि त्या उथळ समुद्रात अडकणार. तेव्हा खोल समुद्रात टर्बिडाइट दाट झाले म्हणून पूर वाढले, आणि विरळ झाले म्हणून घटले, असं म्हणता येत नाही. नद्या त्याच असतील, पाऊस तोच असेल. समुद्र मागेपुढे झालेला असेल.

आता आपल्या घरची गोष्ट. पुण्याहून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, शंभरेक किलोमीटर. पण मुठेचं पाणी तिकडे जात नाही. संगमावर मुळा भेटते, मग भीमा, रायचूरजवळ कृष्णा आणि शेवटी आंध्रात बंगालचा उपसागर. नाशिकची गोदावरीही तिकडेच. म्हणजे दख्खनच्या काळ्या मातीची गोष्ट वाचायची तर पूर्वेच्या समुद्रात जायला हवं. तसं गेलेही. २००६ साली गॅस हायड्रेटच्या शोधमोहिमेत गोदावरीच्या मुखासमोर हजार मीटरहून खोल समुद्रातून एक नमुना काढला. २०१२ साली त्यावर पाँटन आणि सहकाऱ्यांचा लेख आला. वनस्पतींच्या पानांवरच्या मेणाचे अंश त्या गाळात टिकून होते. त्यांवरून दिसलं की सुमारे चार हजार वर्षांपूर्वी आणि पुन्हा सतराशे वर्षांपूर्वी मध्य भारत अधिक कोरडा होत गेला. मग २०१७ साली जिओसान आणि सहकाऱ्यांनी तोच नमुना वेगळ्या प्रश्नासाठी तपासला आणि दाखवलं की गेल्या काही हजार वर्षांत जमिनीची धूप फार वाढली. दख्खनचा बेसॉल्ट आणि पूर्वेकडचे जुने खडक यांच्या मातीत निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं प्रमाण वेगळं असतं. त्यावरून कुठली माती किती आली हे ओळखता येतं.

बघा, इथे किती सहज चूक झाली असती. गाळ वाढला, त्याअर्थी पूर वाढले, त्याअर्थी पाऊस वाढला, असं कुणी म्हटलं असतं तर? पानांचं मेण नेमकं उलट सांगतं. पाऊस कमी झाला, झाडोरा विरळ झाला, जमीन उघडी पडली आणि मग थोड्या पावसानंही माती वाहून गेली. गढूळ पाण्यावरून मोठा पाऊस ओळखायला गेलो असतो तर पार उलट निष्कर्ष निघाला असता.

आणि तेवढ्यावर संपत नाही. याच काळात दख्खनमध्ये शेती पसरत होती. प्रवरेकाठी दायमाबाद आणि जोर्वे, घोडकाठी इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्साऱ्यांनी इनामगाव किती वर्षं खणलं ते इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. मग माती सुटली ती दुष्काळानं की नांगरानं? २०१७ च्या लेखकांनी दोन्हींची नावं घेतली आहेत, आणि ते मला प्रामाणिक वाटतं. समुद्रतळ इथं आपल्याला ओट्यावरच्या त्याच भांडणापाशी आणून सोडतो: आभाळ की माणूस?

मग पूर ओळखायचे तरी कसे? एक उत्तर आपल्याच शहरात तयार झालं. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातले विश्वास काळे, डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा, आणि त्यांच्याबरोबर बेकर, ईली हे परदेशी संशोधक नर्मदेच्या पुनासा घळीत गेले. पूर येतो तेव्हा मुख्य धार जोरात वाहते, पण कपारीत, उपनद्यांच्या तोंडाशी पाणी संथ असतं. तिथे बारीक गाळ बसतो आणि पाणी किती उंच चढलं याची खूण राहते. थरांखाली सापडलेल्या कोळशाचं वय काढता येतं. अशा थरांवरून त्यांनी सतराशे वर्षांच्या मोठ्या पुरांची नोंद उभी केली. हे अनुमान मला समुद्रतळाच्या अनुमानापेक्षा भक्कम का वाटतं? कारण कार्य आणि कारण यांत अंतर कमी आहे. मध्ये ना खारं पाणी, ना समुद्राची पातळी, ना भूकंपाची दरड. माझ्या माजघरातल्या खपलीइतकं ते जवळचं आहे. त्याचीही मर्यादा आहेच: आधीच्या थराहून कमी चढलेला पूर तिथे नोंदलाच जात नाही. पण ही मर्यादा ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेली मर्यादा हिशेबात धरता येते.

समुद्रतळावरून काही कळतच नाही असं मी म्हणत नाही, हे कृपा करून लक्षात घ्या. वात्स्यायनाचं उत्तर मला अजून पटतं, फक्त ते पुढे न्यायला हवं. एका खुणेवर विसंबू नये. आणि खुणा एकत्र करायच्या तर त्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. थराचा क्रम आणि थरातलं लाकूड या दोन्ही खुणा एकाच लोंढ्याच्या, म्हणून त्या एकाच साक्षीदाराच्या दोन जबान्या आहेत. पानांचं मेण, मातीचा रासायनिक ठसा, नदीकाठच्या कपारीतला गाळ आणि उत्खननातलं गाव हे चार वेगळे साक्षीदार आहेत. चौघं एकच बोलले तर मी मान्य करीन. भांडले तर तेही छापावं.

शेवटी, याचं आपल्याला काय? थोडं मनोराज्य करू. हजार वर्षांनी कुणी कृष्णेच्या मुखासमोर समुद्रतळ खणला, तर १२ जुलै १९६१ त्याला सापडेल का? मला शंका आहे. त्या दिवशीची बरीच माती भीमेच्या पात्रात, काठच्या शेतांत, पेठांतल्या घरांत राहिली. जी पुढे गेली ती १९६१ च्या त्या सबंध पावसाळ्याच्या मातीत मिसळली. देशभराच्या पावसाचा विचार केला तर विसाव्या शतकातल्या सर्वाधिक पावसाच्या वर्षांपैकी ते एक होतं. समजा, थर सापडलाच, तर तो संशोधक बाकीच्या नोंदी पाहील, अतिवृष्टीचं वर्ष आहे असं त्याला दिसेल आणि लिहील: ‘असाधारण पावसामुळे महापूर.’ त्याच्या सगळ्या खुणा जुळतील. पानं, लाकडं, फेसही म्हणा. आणि निष्कर्ष चुकेल, कारण रोध त्याला दिसणार नाही. उलट त्यानंतरच्या थरांत गाळ एकदम घटलेला दिसेल, कारण उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा धरणांनी कृष्णेचा गाळ अडवला. तो म्हणेल, दुष्काळ पडला असावा!

ही गंमत नाही. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा पुन्हा तोच वाद झाला: पाऊस की खडकवासल्याचा विसर्ग? आपल्या नदीकाठी निळी रेषा आणि लाल रेषा आखलेल्या आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या. या रेषा जुन्या पुरांच्या नोंदींवरून निघतात. त्या नोंदींतला कुठला पूर आभाळाचा, कुठला धरणाचा, कुठला पात्रात टाकलेल्या भरावाचा, हे न ओळखता सगळ्यांची एकच सरासरी काढली, तर रेषा चुकीच्या जागी पडेल. आणि त्या रेषेच्या आत कुणीतरी घर घेतलेलं असेल.

आमच्या वाड्याच्या भिंतीवर पाण्याची खूण बरीच वर्षं होती. वडील तिला रंग देऊ देत नसत. वाडा पाडला तेव्हा ती गेली. ती खूण पाणी किती उंच आलं होतं ते सांगायची. का आलं, ते आम्ही तिच्याशेजारी लिहून ठेवायला हवं होतं. ते राहिलं.

थांबतो. प्रश्न विचारा, सभेत भूवैज्ञानिक असतील तर त्यांनी आधी विचारावेत, माझं चुकलं असेल तर आजच कळेल.